गव्हाणे बी. ए.

"बाई नुसती बी. ए. झालीय मॅडम, पण थाट बघा तिचा!" असं म्हणून संगणक चालवणारे एकनाथराव स्वतःच्याच विनोदावर खुदखुदले आणि सुलभानं चष्मा सारखा केला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत नाव आलं होतं, गव्हाणे बी. ए. आधी आडनाव, मग दोन आद्याक्षरं, ही त्या यंत्राची रीत. बी म्हणजे भामा आणि ए म्हणजे आबासाहेब, हे त्या थंडगार खोलीत एकट्या सुलभाला ठाऊक होतं. नावाखाली ओळींवर ओळी सरकत होत्या. ओसाका, ल्योन, साओ पावलो, कुठकुठली गावं. ज्यांनी ज्यांनी या बाईचा संशोधनाचा पेपर आपल्या पेपराच्या तळाशी नोंदवला त्या सगळ्यांची ती हजेरी होती, आणि शेवटी बेरीज होती दोनशे चौदा. "अगं बाई! दोनशे चौदा!" तिची तरुण सहकारी मृण्मयी खुर्चीतून जवळजवळ उठलीच. तिनंच हे नाव टाकायला सांगितलं होतं, कारण या गव्हाणेची चिंचोक्याच्या पिठाची पद्धत ती रोज वापरत होती. "आणि पत्ता तर आपल्या इथलाच आहे, हैदराबाद. मॅडम, कोण हो ही गव्हाणे? तुमच्याच वेळची असणार. ओळखता का?" आता बोलायला काय हरकत होती? 'मीच गं ती', तीन शब्द. मृण्मयीनं टाळ्या पिटल्या असत्या, एकनाथरावांनी जीभ चावली असती, कँटीनमधून चहा आला असता. पण थोड्याच वेळापूर्वी त्याच पडद्यावर दुसरं नाव येऊन गेलं होतं, सुलभा किशोर नाईकवाडे, आणि त्याखाली बेरीज आली होती नऊ. त्या नऊच्या आकड्यावर एकनाथराव आणि मृण्मयी, दोघांनी अगदी सभ्यपणानं दुसरीकडं पाहिलं होतं. तो सभ्यपणा सुलभाच्या अंगावर अजून तसाच होता. ती म्हणाली, "असेल कुणीतरी." आणि चपला घालायला बाहेर आली.

संगणकाच्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या, असा नियम होता. ती एका पायात चप्पल घालून तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. असेल कुणीतरी! कसं आलं हे तोंडात? खोटं बोलायचं असतं तर माणूस विचार तरी करतं. हे तर आपोआप आलं, शेजारीण दारात आली की 'या ना, बसा' येतं तसं. आत यंत्राचा प्रिंटर करकरू लागला. मृण्मयी गव्हाणेबाईंचा कागद काढून घेत होती, आपल्या टेबलासमोर लावायला. सुलभाला वाटलं, आत्ता परत आत जावं आणि सांगावं. पण आता आत जायचं म्हणजे आधी 'मगाशी मी असं का म्हणाले' ते सांगायला हवं, आणि ते तिचं तिलाच कळत नव्हतं. तिनं दुसरी चप्पल घातली. सांगू उद्या, त्यात काय एवढं.

त्यात पुष्कळ होतं. संशोधन संस्थेचे दिवस फिरले होते. सरकार म्हणत होतं, आम्ही किती दिवस पोसायचं, तुमचं तुम्ही कमवा. शहराबाहेर औषधाच्या गोळ्यांचे कारखाने उगवले होते, त्यांच्या मालाची तपासणी करून देण्यासाठी तळमजल्यावर एक मोठा विभाग निघाला होता, आणि त्या विभागाला माणसं हवी होती. कोण वर राहणार आणि कोण खाली जाणार, हे ठरवायला नव्या संचालकांनी सोपी युक्ती काढली होती. ज्याचा पेपर जग वाचतं त्यानं संशोधन करावं, बाकीच्यांनी गोळ्या मोजाव्यात. आणि जग काय वाचतं ते संगणक सांगेल, पहिल्या लेखकाच्या नावावर. मुलाखतीला सुलभाचा नंबर पंधरवड्यानं लागणार होता. बायोडाटाच्या शेवटच्या पानावर तो जुना पेपर होताच, बारीक टायपात, तेव्हाच्या नावानं. पण शेवटचं पान कुणी उघडतं का? दुसऱ्या मजल्यावरची खिडकीजवळची ती अरुंद खोली, प्रयोगाचा तो डगडगणारा ओटा, शीतकपाटातली फणसाच्या आठळ्यांच्या अर्काची बाटली, हे सगळं त्या नऊच्या आकड्यावर टेकलेलं होतं. ओटा गेला की आपण गेलो, इतकं तिला स्वच्छ दिसत होतं. पन्नाशीही आली नव्हती. निवृत्तीपर्यंत रोज सकाळी गोळ्या विरघळवत बसायचं, ही कल्पना नुसती आली तरी ती उठून ओट्याशी जाऊन उभी राहायची.

आणि ती दुसरी, ती भामा, तिला काही म्हणजे काही धास्ती नव्हती. सुलभाला बसमध्ये, विद्यानगरच्या थांब्यावर, विद्यापीठाकडं जाणारा रस्ता दिसला की ती दिसायची. दोन वेण्या, हातावर ॲसिडचे डाग, आणि तोंडाळ. फणसाच्या आठळ्यांतलं प्रथिन वेगळं काढायला परदेशी जेल लागायचं. त्यासाठी परकीय चलनाचा परवाना लागायचा, आणि तो परवाना मिळेपर्यंत फणसाचा हंगाम दोनदा येऊन जायचा. गाइड म्हणाले, थांब जरा. भामा थांबली नाही. नल्लकुंट्याच्या बाजारातून ती पिशवीभर चिंचोके घेऊन आली. विकणारीनं विचारलं, "कायकू इत्ते? खळ करते क्या?" हिनं सांगितलं, "नक्को खळ, जादू करते." चिंचोके भाजले, साल काढली, दळले, त्या पिठाचा चिकट गोळा औषधं घालून घट्ट केला आणि काचेच्या नळीत भरला. वरून आठळ्यांचा अर्क सोडला. बाकी सगळं वाहून गेलं आणि हवं ते प्रथिन पिठाला धरून राहिलं. मग साखरेचं पाणी ओतलं तसं तेही सुटून खाली आलं, अगदी निर्मळ. त्या संध्याकाळी तिचे वडील आबासाहेब तिला न्यायला विद्यापीठाच्या फाटकाशी उभे होते. ही धावत सुटली आणि ओरडली, "आबा, धरलं! चिंचोक्यानं धरलं!" त्या भल्या माणसाला चिंचोक्यानं काय धरलं ते उभ्या जन्मात कळलं नाही, पण त्यांनी टोपी काढून हवेत उडवली होती. पेपर छापून आला तेव्हा त्यांनी त्यावरचं नाव बोट फिरवत वाचलं. माझंबी ए घातलंस होय, म्हणाले. आणि डोळे पुसले.

त्याच साली लग्न ठरलं. मुलगा बँकेत, घर बरकतपुऱ्यात, माणसं शहाणी. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरले आणि किशोरच्या हातात सोन्याची अंगठी दिली. नाव लिही म्हणाले. बायका पुढं वाकल्या. सगळ्यांचंच असं होतं, भामालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. उलट आपलं काय नाव निघतं याची उत्सुकताच होती, गुदगुल्या व्हाव्यात तशी. किशोरनं घामेजल्या बोटांनी लिहिलं. सु नीट आला, ल च्या वेळी तांदूळ घसरले, शेवटचा भा ताटाच्या कडेला दाटीवाटीनं बसला. सासूबाईंनी, कुसुमताईंनी, तिच्या कानाशी येऊन सांगितलं, "तुझं भा ठेवलंय बघ. भामा नको गं बाई, भामा म्हणजे सदा रुसलेली. पण तुझं अक्षर टाकलं नाही मी." एवढं कोण करतं? भामानं त्या क्षणी त्या बाईवर मनापासून जीव टाकला होता. आणि त्या तांदळाचं दुसऱ्या दिवशी काय झालं, तर मसालेभात झाला. पंगतीत तिनंही खाल्ला, दोनदा मागून घेतला.

इथं आलं की सुलभाचं डोकं अडायचं. कुणावर चिडायचं? कुणी काही केलंच नव्हतं! प्रबंध लग्नानंतर दिला, तो नव्या नावानं. नोकरी नव्या नावानं. संस्थेत जे वरिष्ठ मिळाले ते आपलं नाव पहिलं घालत, हिचं मधे कुठंतरी. मग हर्षद झाला, त्याचं दुखणं-खुपणं झालं, कुसुमताईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. किशोर कधी नाही म्हणाला नाही. घरात कधी कुणी आवाज चढवला नाही. अशा घरात रुसायचं तरी कशावर? दाराला कडी नाही, खिडकीला गज नाहीत, आणि तरी सतरा वर्षं आपण आत आहोत, हे तिला त्या हिरव्या अक्षरांनी सांगितलं. बाहेर ती तोंडाळ पोरगी हिंडत होती. ओसाकाला जात होती, ल्योनला जात होती, कुणाकुणाच्या पेपराच्या तळाशी पाय पसरून बसत होती. दरसाल तिला दहा-पंधरा घरची आमंत्रणं. आणि हिचा हेवा वाटावा, रागच यावा, तर ती आपणच!

चौथ्या दिवशी सकाळी तिनं घरात विषय काढला. किशोर वर्तमानपत्र वाचत होता, कुसुमताई शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. तिनं सगळं सांगितलं, दोनशे चौदाही आणि नऊही. फक्त 'असेल कुणीतरी' तेवढं सांगितलं नाही. किशोर एकदम खुशीत आला. "अगं मग सांग की! अर्ज दे. स्टॅम्प पेपरवर लिहून देऊ, पूर्वाश्रमीची भामा ती हीच, मी येतो सही करायला."

"पूर्वाश्रमीची काय म्हणता? मी काय संन्यास घेतलाय?"

"तसंच लिहितात गं." मग त्यानं चहाचा घोट घेतला आणि अगदी निरागसपणे, खरोखर तिच्या भल्याचाच विचार करत, तो म्हणाला, "फक्त एक तयारी ठेव. ते विचारतील हां, लग्नाआधी दोनशे चौदा आणि लग्नानंतर नऊ, मग मधे काय केलं बाई? त्याला काहीतरी उत्तर लागेल."

हेच ते. गेले चार दिवस घशात जे अडकून बसलं होतं ते या भल्या माणसानं चहाच्या घोटाबरोबर काढून टेबलावर ठेवलं. भामा ती मीच, असं सांगायचं म्हणजे त्याच दमात हेही सांगायचं की तिचं असं मी केलं. त्या पोरीला दोनशे चौदा जण विचारत होते आणि मी तिला घरात घेऊन शेंगा सोलायला बसवलं. नऊवाली बाई नुसती साधारण होती, साधारण बायका काय कमी आहेत? पण दोनशे चौदावाली बाई नऊवर आली, तर तिच्याकडं लोक वळून वळून बघणार. कुसुमताई खाली मान घालून म्हणाल्या, "मी भा ठेवलं होतं गं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आता ते पाणी पुसण्याचं कामही सुलभालाच करावं लागलं. "अहो आई, तुमचं कुठं काय चुकलं," ती म्हणाली. ओरडावंसं वाटलं. तिनं शेंगांची साल गोळा केली आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

संस्थेत मृण्मयीनं तो कागद खरोखर टेबलासमोर लावला होता. ही पुण्याची पोर, नवरा संगणकाच्या कंपनीत म्हणून इथं आलेली. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी नाव माहेरचंच लावायची आणि त्याबद्दल एक अवाक्षर बोलायची नाही, जसं काही ते बोलण्यासारखं काही नव्हतंच. सुलभाला ती फार आवडायची आणि तिच्यासमोर उभं राहवत नसे. आता सेल्समन टाय लावून येत, परदेशी जेलचे रंगीत कॅटलॉग ठेवून जात, मागितलं की आठवड्यात डबा हजर. तरी मृण्मयी चिंचोके दळत होती, कारण, "मॅडम, या पिठासारखं धरतच नाही हो दुसरं काही. बाई भारी डोक्याची होती." एकदा नळीतून थेंब पडताना बघत ती म्हणाली, "मला वाटतं ती वारली असणार."

"का गं?"

"नाहीतर एवढं करून गप्प कशी बसेल? दुसरं काहीच नाही तिच्या नावावर. असलं डोकं असलेली माणसं थांबत नाहीत. अपघात वगैरे झाला असेल."

सुलभानं नळीकडं बघितलं. पीठ जरा सैल भरलं गेलं होतं, मधे हवेचा एक बुडबुडा अडकला होता. तिच्या हातानं आपण होऊन नळीवर हलकी टिचकी मारली, वर, मग खाली, मग पुन्हा वर, आणि बुडबुडा सुटून निघून गेला. "अय्या, हे कुठं लिहिलेलं नाहीये! तुम्हाला कसं माहीत?" मृण्मयी तिच्याकडं बघत राहिली. आत्ता. आत्ता सांगायचं. देवानं ताटात वाढून दिलं होतं. पण ज्या बाईला हिनं मनातल्या मनात फुलं वाहिली होती तिच्या जागी ही जाड भिंगांची, डब्यात भेंडीची भाजी आणणारी बाई कशी ठेवायची? वारली म्हणजे निदान मानानं गेली. "असंच, सवयीनं," सुलभा म्हणाली. पहिल्या दिवशी एक धागा गुंतला होता, आता त्याचा गुंता झाला होता. प्रत्येक वेळी गप्प बसलं की पुढच्या वेळचं बोलणं आणखी अवघड.

पण मुलाखतीच्या दिवशी तिनं ठरवलं. अंघोळ करताना ठरवलं, बसमध्ये पक्कं केलं. ओटा द्यायचा नाही. लाजेनं माणूस मरत नाही, गोळ्या मोजून मरेल. मधे काय केलं म्हणून विचारलं तर सांगायचं, संसार केला, तुमच्या बायकांनी केला तसाच, आणि शिवाय तुमच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या नावाखाली राबले. हे वाक्य तिनं इंग्रजीत जुळवून ठेवलं, चार वेळा मनात म्हणून बघितलं. किशोरनं करून आणलेला स्टॅम्प पेपर पर्समध्ये होता. दारातून निघताना कुसुमताईंनी हातावर दही ठेवलं होतं, त्याची आंबट चव अजून जिभेवर होती. आत तिघेजण होते. मधोमध संचालक, राजमुंद्रीकडचे, गोरेपान, मृदू बोलणारे. एका बाजूला प्रशासनाचे अधिकारी. दुसऱ्या बाजूला बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ, कलकत्त्याचे, पांढऱ्या भुवयांचे. सुलभा बसली. पहिल्या दोन-तीन प्रश्नांना तिनं नीट उत्तरं दिली. नऊच्या आकड्यावर संचालकांनी बोट ठेवलं आणि काही न बोलता ते बोट उचललं. आता आपण बोलायचं, असं तिनं ठरवलंच होतं, तेवढ्यात ते म्हातारे तज्ज्ञ एकदम पुढं वाकले.

"फणसाच्या आठळ्यांवर काम करता? मग चिंचोक्याची ती पद्धत माहीत असेलच. गव्हाणे. ती याच गावची. मी माझ्या विद्यार्थ्यांना अजून शिकवतो, भिकाऱ्याच्या घरात राजवाड्याचं काम म्हणून." त्यांचा चेहरा उजळला होता. "मी तेव्हा त्या मुलीला पत्र लिहिलं होतं, विद्यापीठाच्या पत्त्यावर. आमच्याकडं ये म्हणून. उत्तर आलं नाही. तुम्ही त्याच विभागातल्या ना, त्याच सुमाराच्या? कुठं गेली ती?"

पत्र! सुलभाला पत्र मिळालंच नव्हतं. तेव्हा ती बरकतपुऱ्यात होती, दुसऱ्या नावानं, हळदीच्या अंगानं. तिकडं विभागाच्या टपालपेटीत ते नाव वाट बघत पडलं असेल, आणि मग कुणीतरी ते झाडून टाकलं असेल. तिघेही तिच्याकडं बघत होते. सगळं तयार होतं, वाक्य, कागद, नवऱ्याची सही. मीच ती, एवढंच म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं. आणि त्या तोंडातून सतरा वर्षांच्या सवयीनं, कुठंही न अडखळता, अगदी सुरेख इंग्रजीत उत्तर आलं, "तिचं लग्न झालं, सर."

"अय्यो," संचालक हळहळले, "पापम." बिचारी. प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनीही मान हलवली. म्हाताऱ्यानं भुवया पुसल्यासारखं केलं. "हां. म्हणजे नाव बदललं असणार. आता कुठं सापडायची?"

सुलभाला दिसत होतं की अजून उशीर झालेला नाही. स्वतःचाच आवाज तिला लांबून ऐकू आला होता, आणि आता तो परत आणायला हवा होता. तिनं टेबलावर हात ठेवला. काच गुळगुळीत होती, थंड होती. तिची तर्जनी त्या काचेवर सरकली. एक उभी रेघ, एक वळण, पुढं एक काना, भा. "तांदळात लिहितात आमच्यात," ती म्हणाली. "अंगठीनं. मग शिजवून खातात. मी दोनदा मागून घेतला होता भात."

हे सगळं ती मराठीत बोलली, आणि त्या खोलीत मराठी कुणालाच येत नव्हतं.

"सॉरी?" संचालकांनी विचारलं. "काय म्हणालात?"

तिनं खाली टेबलाकडं पाहिलं. काचेवर काहीच उमटलं नव्हतं.

"काही नाही सर," सुलभा म्हणाली. त्यांनी समजुतीनं मान हलवली, नऊच्या आकड्यापुढं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं, आणि शिपायाला पुढचं नाव पुकारायला सांगितलं.